नवऱ्याची तपासणी: वीर्याचा रिपोर्ट कसा तयार होतो आणि कसा वाचायचा

ग्वाल्हेरमध्ये मूल होत नाही म्हणून एखादं जोडपं डॉक्टरकडे जातं, तेव्हा पहिली फाइल बहुतेक वेळा बायकोच्या नावानं निघते. कमलाराजा हॉस्पिटल असो की लश्कर भागातल्या एखाद्या खासगी मॅडमचा दवाखाना, सोनोग्राफी, थायरॉइड, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), गर्भनलिकांचा एक्स-रे अशी ती फाइल फुगत जाते. कधी कधी भूल देऊन दुर्बिणीचं ऑपरेशनही उरकलेलं असतं. एवढ्या कागदांत नवऱ्याच्या नावाचा एकही कागद सापडत नाही. विचारलं तर सासूबाई सांगतात, “त्याचं सगळं नॉर्मल आहे हो, आमच्या घराण्यात असलं काही नाही.” हे नॉर्मल कुणी आणि कधी तपासलं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं काहीतरी कारण असतं. कधी एकट्या त्याचं, कधी दोघांचं मिळून. आणि त्याची पहिली तपासणी या सगळ्या यादीत सर्वांत सोपी आहे. सुई नाही, भूल नाही, काही शे रुपये आणि एक सकाळ. मी लॅबमध्ये बसणारी बाई आहे, त्यामुळे माझं मत एकांगी वाटेल, तरी सांगते: नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बायकोला ऑपरेशन टेबलावर घेऊ नये. दोघांच्या तपासण्या एकाच आठवड्यात सुरू व्हाव्यात.

वैद्यकाचा नियम असा की वर्षभर नियमित संबंध असून आणि कुठलंही गर्भनिरोधक न वापरता दिवस गेले नाहीत तर तपासणी करावी. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. नवऱ्याचा इतिहास वेगळा असेल तर तेवढंही थांबू नये. लहानपणी अंडकोष खाली उतरला नव्हता, हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजला होता, केमोथेरपी घ्यावी लागली होती, यातलं काही असेल तर पहिल्या दिवशीच तपासून घ्यावं. या गोष्टी नवऱ्याला आठवत नाहीत, त्याच्या आईला आठवतात. तिला विचारा.

मर्दानगीचा इथे संबंध नाही

पुरुष तपासणीला तयार होत नाहीत त्यामागे बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो: संबंध नीट येतात, वीर्य भरपूर येतं, मग माझ्यात काय कमी? पण जे डोळ्यांना दिसतं ते बहुतांशी नुसतं पातळ द्रव्य असतं. त्यातला दोनतृतीयांशाच्या आसपास भाग मूत्राशयामागच्या वीर्यकोशांतून येतो, उरलेला बराचसा प्रोस्टेटमधून. शुक्राणूंचा वाटा शंभरात फार तर पाच. नसबंदी झालेल्या पुरुषाचं वीर्य पूर्वीइतकंच येतं, दिसायलाही तसंच असतं, आणि त्यात एकही शुक्राणू नसतो. म्हणजे वीर्य पाहून शुक्राणूंबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि संबंधाची ताकद पाहून तर त्याहून नाही. पहिलं मूल आहे म्हणून आत्ताही सगळं ठीक असेल, हेही गृहीत धरता येत नाही. मधल्या सहा-सात वर्षांत वजन, डायबिटीस, औषधं, व्यसनं असं बरंच काही बदललेलं असतं.

सँपल देताना

अर्धे रिपोर्ट बिघडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली जाण्याआधीच. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

सँपल देण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. दोनपेक्षा कमी दिवस असतील तर संख्या कमी भरते. “जास्त दिवस थांबलो तर जास्त साठेल” असा हिशेब करून काही जण पंधरा-वीस दिवस थांबून येतात. त्यात संख्या वाढलेली दिसते खरी, पण म्हातारे आणि मेलेले शुक्राणूही वाढतात आणि हालचालीचा आकडा खाली येतो. दुसऱ्यांदा तपासणी करायची झाली तर पहिल्या वेळी जितके दिवस ठेवले होते साधारण तितकेच ठेवा, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच होऊ शकत नाही.

सँपल हस्तमैथुनानं, लॅबनं दिलेल्या रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत द्यायचं असतं. साबण, तेल, लाळ, बाजारातली जेली यांतलं काहीही शुक्राणूंना मानवत नाही. नेहमीचा कंडोम वापरून आणलेलं सँपलही चालत नाही. तपासणीसाठीचे वेगळे कंडोम मिळतात, ते लॅबकडे आहेत का विचारावं. सगळं वीर्य डबीत पडलं पाहिजे, विशेषतः पहिला भाग, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्याच भागात असतात. तो बाहेर सांडला तर लाजू नका, काउंटरवर सांगा. न सांगितलेल्या चार थेंबांपायी निरोगी माणसाच्या रिपोर्टवर ‘काउंट कमी’ असा शिक्का बसतो आणि पुढचे सहा महिने घरात सुतक असल्यासारखे जातात.

आता आपल्या गावाचं हवामान. शुक्राणूंची हालचाल बघायची असते, त्यामुळे सँपल साधारण २० ते ३७ अंशांच्या दरम्यान राहायला हवं आणि तासाभरात, शक्यतो अर्ध्या तासात, तपासायला घेतलं पाहिजे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्कूटरच्या डिकीत त्याहूनही जास्त असतो. जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी चार-पाच अंश असतात. दोन्ही वेळा डिकीतून आणलेल्या सँपलचा रिपोर्ट माणसाबद्दल कमी आणि डिकीबद्दल जास्त सांगतो. घरून आणायचंच असेल तर डबी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, आणि घर लॅबपासून दहा-पंधरा मिनिटांवर असेल तरच हे करा. डबरा, मुरैना, भिंड, शिवपुरीहून येणाऱ्यांनी घरून सँपल आणायचा विचारच करू नये.

लॅबमध्ये खोली असते. ती बहुतेक ठिकाणी काही फार प्रसन्न नसते: एक खुर्ची, एक बेसिन, दाराबाहेर कुणाच्या तरी चपला वाजताहेत. त्यामुळे ऐन वेळी काहींना जमत नाही. असं पुष्कळांचं होतं आणि तो आजार नाही. बायकोला सोबत आत नेता येतं का, विचारा. चांगल्या ठिकाणी नाही म्हणत नाहीत. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी या. कसंबसं अर्धवट सँपल देऊन सुटका करून घेऊ नका.

लश्कर भागात आणखी एक पंचाईत असते. काउंटरवरचा मुलगा मामाच्या शेजारचा निघतो, मालक काकांच्या भिशीतले. म्हणून कित्येक जण गुपचूप दिल्लीची गाडी पकडतात. दिल्लीत सँपल द्यायला माझी हरकत नाही, पण पुन्हा पुन्हा तपासणी लागली तर तेवढ्या खेपा होत नाहीत आणि मग दुसरा रिपोर्ट राहूनच जातो. त्यापेक्षा सँपल देतानाच लॅबमध्ये सांगा की रिपोर्ट फक्त माझ्या हातात द्यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही. तसं सांगणं हा तुमचा हक्क आहे.

लॅबमध्ये काय चालतं

बाहेर आल्यावर वीर्य आधी घट्ट, जेलीसारखं असतं. पंधरा-वीस मिनिटांत, फार तर तासाभरात, ते पातळ होतं. तोवर थांबावं लागतं. मग प्रमाण, म्हणजे वीर्य किती मिली आहे ते, मोजतात, आम्लता पाहतात, आणि एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल बघतात. सरळ पुढे जाणारे शुक्राणू वेगळे, जागच्या जागी वळवळणारे वेगळे, स्थिर वेगळे, असे हे मोजायचे असतात. संख्या मोजायला सँपल पातळ करून चौकटी आखलेल्या एका खास काचेवर घेतात आणि किमान दोनशे शुक्राणू, तेही दोनदा, हातानं मोजतात. आकार बघायला वेगळी काच रंगवावी लागते. हे सगळं नीट केलं तर वेळ लागतो. एक थेंब पाहून पाच मिनिटांत अंदाजे आकडे टाकणाऱ्या लॅबही आहेत, ते मी नाकारत नाही.

चांगला रिपोर्ट ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. सँपल दिल्याची वेळ, तपासल्याची वेळ, किती दिवसांचं अंतर होतं, सँपल पूर्ण होतं का, हे त्यावर लिहिलेलं असावं. हालचालीचा एकच गोळाबेरीज आकडा नसावा. सगळेच आकडे ६०, २०, २० असे गुळगुळीत असतील तर शंका घ्यायला जागा आहे. आणि ‘नॉर्मल आकार ७० टक्के’ असं दिसलं तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की लॅबनं आजचे कडक निकष लावलेलेच नाहीत. ते लावले तर बाप झालेल्या पुरुषांमध्येही हा आकडा सहसा इतका वर जात नाही.

आकडे

रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जे ‘नॉर्मल’ छापलेलं असतं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या हस्तपुस्तिकेतून येतं. तिची पहिली आवृत्ती १९८० ची आणि सहावी २०२१ ची. सहाव्या आवृत्तीत हे आकडे असे आहेत: प्रमाण १.४ मिली, संख्या एका मिलीत १६ दशलक्ष म्हणजे एक कोटी साठ लाख, सगळ्या सँपलमध्ये मिळून ३९ दशलक्ष, एकूण हालचाल ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के. २०१० च्या आवृत्तीत संख्येचा आकडा १५ होता, त्याआधी २०. म्हणून वेगवेगळ्या लॅबच्या कागदांवर वेगवेगळे आकडे दिसतात. कुणी फसवत नसतं. काहींनी छापील फॉर्म बदललेला नसतो, इतकंच.

हे आकडे आले कुठून, हे कळलं की निम्मी भीती जाते. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचं वीर्य तपासलं गेलं. त्यातल्या शंभर जणांना कमी संख्येपासून जास्त संख्येपर्यंत ओळीनं उभं केलं, तर पाचव्या माणसापाशी जो आकडा येतो तो हा. म्हणजे ही रेषा बाप झालेल्यांमधूनच आखलेली आहे आणि तिच्या खालचे पाच जणही बापच आहेत. १६ च्या खाली मूल होत नाही, असं ही रेषा म्हणत नाही. १६ च्या वर होईलच, असंही म्हणत नाही. बाप झालेल्यांच्या ओळीत मधोमध उभ्या माणसाचा आकडा साठच्या पुढे आहे, तेव्हा १७ ला ‘एकदम मस्त’ म्हणणंही बरोबर नाही.

चार टक्के नॉर्मल आकार, हे वाचून तर माणसं हादरतात. “म्हणजे शहाण्णव टक्के खराब?” हो, या कडक निकषांनी बघितलं तर माणसाच्या वीर्यातले बहुतेक शुक्राणू आकारात कुठे ना कुठे कमी भरतातच. यातून मूल सदोष होईल असा अर्थ काढायचा नसतो. नुसता आकार कमी आणि बाकी सगळं ठीक, अशा रिपोर्टवर घाईनं टेस्ट ट्यूब बेबीकडे पळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच आकडा धरून बसल्यानं काय गोंधळ होतो, ते एका हिशेबानं दाखवते. पहिल्या माणसाची संख्या मिलीला १० दशलक्ष आहे. रेषेच्या खाली, लाल शाईत. पण त्याचं प्रमाण साडेचार मिली आहे, म्हणजे एकूण ४५ दशलक्ष. त्यातले ४५ टक्के हलतात, म्हणजे वीस दशलक्षांच्या थोडे वर. दुसऱ्याची संख्या २२ आहे, काळ्या शाईत, ‘नॉर्मल’. प्रमाण मात्र १.२ मिली. एकूण भरले साडेसव्वीस दशलक्षांच्या आतच, आणि हालचालही ४५ टक्केच असेल तर हलणारे बारा दशलक्षही होत नाहीत. लाल शाईचा माणूस काळ्या शाईच्या माणसापेक्षा बऱ्या अवस्थेत आहे. म्हणून डॉक्टर तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून हलणारे एकूण शुक्राणू किती, ते बघतात. तुम्हीही मोबाइलवर करून बघू शकता.

रिपोर्टच्या तळाशी निदानासारखे लांबलचक शब्द असतात. ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल कमी, टेराटो म्हणजे आकार बिघडलेला. तिन्ही एकत्र जोडून एक भलामोठा शब्द होतो आणि तो गूगलवर टाकला की रात्रीची झोप जाते. हे आजार नव्हेत, वरच्याच आकड्यांचं नाव आहे. कारण अजून शोधायचंच असतं.

‘पस सेल्स’, म्हणजे पूच्या पेशी, हा आणखी एक छळवादी रकाना. साध्या काचेवर पस सेल आणि अर्धवट वाढलेले शुक्राणू दोन्ही गोल दिसतात. वेगळा रंग वापरून तपासल्याशिवाय ते पस सेलच आहेत असं म्हणता येत नाही. नुसता तो रकाना पाहून नवरा-बायको दोघांना अँटिबायोटिकचे कोर्स देण्याची जी रीत पडली आहे, तिला फारसा आधार नाही.

एका कागदावर निकाल नको

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे बाहेरच्या नळीत मुरायला आणखी काही दिवस. आज डबीत पडलेला शुक्राणू तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेला होता. ऑक्टोबरात डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर डिसेंबरचा रिपोर्ट पडलेला दिसू शकतो, आणि मार्चमध्ये त्याच माणसाचा आपोआप सुधारलेला. त्यात मधल्या काळात कुणाचं चूर्ण सुरू असेल तर यश चूर्णाला जातं.

आजारपण नसतानाही एकाच पुरुषाचे आकडे आठवड्या-आठवड्याला खालीवर होतात. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तर बहुतेक वेळा तो एकच पुरतो. बिघडलेला आला तर दुसरा हवाच, शक्यतो त्याच लॅबमध्ये. थोडासाच कमी असेल तर तीन महिन्यांनी केलेला बरा. एकही शुक्राणू नाही असं आलं तर तीन महिने थांबायचं नाही, लवकर पुन्हा करायचं. आणि त्या वेळी सँपल यंत्रात फिरवून तळाशी बसलेला गाळ तपासला आहे का, हे विचारायचं. त्या गाळात चार शुक्राणू जरी सापडले तरी पुढचा सगळा रस्ता बदलतो.

हातानं करायची तपासणी

आता जो भाग सर्वांत जास्त वेळा गाळला जातो तो. रिपोर्ट बिघडला की नवऱ्याला न बघताच त्याच्या नावानं गोळ्या लिहून दिल्या जातात. बायको स्त्रीरोगतज्ज्ञांकडे रिपोर्ट घेऊन जाते, “यांचा काउंट कमी आलाय” म्हणते, आणि ‘यांना’ कुणी तपासतच नाही. नवऱ्यानं स्वतः युरोलॉजिस्टकडे किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे जायचं असतं. ते अंडकोषांचा आकार हातानं आणि मण्यांच्या माळेसारख्या मापानं बघतात, शुक्रवाहिनी बोटांना लागते की नाही ते पाहतात, आणि उभं करून, जोर लावायला सांगून अंडकोषावरच्या शिरा फुगतात का ते बघतात. दहा मिनिटांचं काम आहे. क्वचित याच दहा मिनिटांत अंडकोषातली गाठ सापडते. ज्यांचे शुक्राणू कमी असतात त्यांच्यात अंडकोषाचा कॅन्सर इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो आणि तो लवकर सापडला तर बरा होतो. एवढ्या एका कारणासाठीही ही तपासणी टाळू नये.

फुगलेल्या शिरांना व्हेरिकोसील म्हणतात. सर्वसाधारण पुरुषांपैकी शंभरात पंधरा जणांना ती असते आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. मूल न होणाऱ्या पुरुषांत मात्र शंभरात पस्तीस-चाळीस जणांना. ती हाताला लागते, रिपोर्ट बिघडलेला आहे आणि बायकोच्या बाजूनं फारसा अडथळा नाही, अशा वेळी ऑपरेशनचा उपयोग होऊ शकतो. हाताला काहीच लागत नाही, फक्त डॉप्लर सोनोग्राफीत बारीकशी शीर दिसली, त्यावर ऑपरेशन करू नये. कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

शून्य आलं तर

दोन्ही वेळा एकही शुक्राणू सापडला नाही तर घरात आकाश कोसळतं. शंभर पुरुषांत साधारण एकाचं असं असतं. पण शून्य दोन तऱ्हांचं असतं: कारखाना चालू आहे पण रस्ता बंद, किंवा कारखान्यातच अडचण.

रस्ता बंद असेल तर अंडकोषांचा आकार ठीक असतो आणि एफएसएच हे अंडकोषांना कामाला लावणारं हार्मोनही ठीक असतं. जुना संसर्ग, क्षयरोग, लहानपणीच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये दुखावलेली नळी, अशी कारणं असू शकतात. वीर्याचं प्रमाण अगदी कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज ही साखर नाही, असं असेल तर पुढच्या नळ्या बंद आहेत किंवा शुक्रवाहिन्या जन्मतःच नाहीत. जन्मतः नसतील तर सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकाची तपासणी नवऱ्याची आणि बायकोचीही करावी लागते, कारण दोघांकडून दोष आला तर बाळाला तो आजार होऊ शकतो. या गटात सुईनं थेट अंडकोषातून किंवा त्यावरच्या नळीतून शुक्राणू बहुतेक वेळा मिळतात. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून जन्मलेल्या बाळांची माहिती जगापुढे ठेवली. त्या पद्धतीला इक्सी म्हणतात, आणि तिच्यामुळे इतके थोडे शुक्राणूही पुरतात.

प्रमाण कमी येण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे वीर्य उलट मूत्राशयात जाणं. जुना डायबिटीस किंवा लघवीसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या यांमुळे असं होतं. वीर्यपतनानंतरची लघवी तपासली की कळतं.

कारखान्यातच अडचण असेल तर अंडकोष सहसा लहान असतात आणि एफएसएच वाढलेलं. काही जणांत ते नॉर्मलही निघतं, म्हणून त्या एकाच आकड्यावर विसंबता येत नाही. अशा वेळी गुणसूत्रांची तपासणी करतात. एक्सचं एक गुणसूत्र जास्तीचं असणं, म्हणजे क्लाइनफेल्टर, साधारण सहाशे पुरुषांत एकाला असतं आणि पुष्कळांना ते मूल न झाल्यावरच कळतं. वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला आहे का, तेही पाहतात. त्या जागेचे ए, बी आणि सी असे भाग मानतात. ए किंवा बी भाग पूर्ण गळालेला असेल तर अंडकोषात शुक्राणू शोधायचं ऑपरेशन करण्यात अर्थ नसतो. सी भाग गळालेला असेल तर मिळण्याची शक्यता असते. ही तपासणी रक्ताची आहे, ऑपरेशनच्या आधी करायची आहे, आणि सी भागाचा दोष मुलगा झाला तर त्याच्याकडे जाणार, हे इक्सी ठरवण्याआधी जोडप्याला सांगितलं गेलं पाहिजे.

एफएसएच उलट फारच कमी असेल तर ती बातमी चांगली. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना हुकूम पाठवत नाहीये, असा त्याचा अर्थ. त्यातल्या काहींना जन्मापासून वासही येत नसतो. इंजेक्शनांनी, कित्येक महिने चिकाटी ठेवली तर, अशा पुरुषांत शुक्राणू तयार होऊ शकतात.

काहीच जमलं नाही आणि दात्याचं वीर्य घ्यायचं ठरलं, तर ते सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत बँकेतूनच येतं आणि दोघांची लेखी संमती लागते. दीर, चुलतभाऊ अशी घरातल्या घरात व्यवस्था करायची सूचना अजूनही कानावर येते. ती कायद्यात बसत नाही.

जिम, गुटखा आणि ताकदीच्या गोळ्या

मुरारपासून बाड्यापर्यंत आता गल्लोगल्ली जिम आहेत आणि काही ठिकाणी पावडरीच्या डब्याबरोबर इंजेक्शनंही मिळतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर आतलं बनवणं थांबवतं आणि त्याबरोबर शुक्राणूंचंही काम थांबतं. दंड फुगलेला आणि काउंट शून्य, असा हा प्रकार. बहुतेकांचं बंद केल्यावर परत येतं, पण सहा महिने, वर्ष, कधी जास्तही लागतं. गंमत म्हणजे ‘कमजोरी’ आहे म्हणून काही डॉक्टरही मूल हवं असणाऱ्या पुरुषाला हेच इंजेक्शन देतात. नका घेऊ.

गुटखा, तंबाखू, सिगारेट, रोजची दारू, पोटाचा घेर यांचं सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. उष्णतेचं मात्र सांगते. अंडकोषांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावं लागतं, म्हणून तर ते बाहेर असतात. मालनपूरच्या कारखान्यांत भट्टीसमोर पाळी करणारे, हलवाई, दिवसभर ट्रकच्या सीटवर बसणारे, यांनी डॉक्टरला आपलं काम काय ते नक्की सांगावं.

झिंक, फॉलिक अ‍ॅसिड आणि तऱ्हेतऱ्हेच्या महागड्या कॅप्सुलांबद्दल: अमेरिकेत सुमारे २,३७० जोडप्यांवर फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंकचा मोठा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना बाळं जास्त झाली. महिना दोन-तीन हजारांच्या पुड्या घेण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेलं बरं. शुक्राणूंच्या डीएनएची महागडी तपासणीही पहिल्या फेरीत लागत नाही. वारंवार गर्भपात होत असतील तर तिचा विचार करतात.

रिपोर्ट चांगला आला, तरी दिवस जात नाहीत

अशी जोडपी बरीच असतात, आणि त्यातल्या काहींचं कारण कुठल्याच डबीत सापडत नाही. मुलगा गुडगावला किंवा नोएडाला नोकरीला, सून इथे सासू-सासऱ्यांपाशी. तो महिन्यातून दोन शनिवार-रविवार येतो. कुणी फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टी. लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून सगळे तीन वर्षं मोजतात, पण ज्या महिन्यांत योग्य दिवशी दोघं एका घरात होती ते महिने मोजले तर वर्षही भरत नाही. स्त्रीबीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढीच महिन्यातली खिडकी असते. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. पाळी लांब असेल तर तेवढे दिवस पुढे. त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध आले तरी पुरतात, रोजची सक्ती नको. तेव्हा डॉक्टरकडे जाताना दोन्ही फाइलींबरोबर मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि नवरा ज्या ज्या दिवशी घरी होता त्या तारखा, एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून न्या.